शिकायला जाताय? राजीनामा देताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नर, सगळीकडच्या कारखान्यांत एमटेक, एमएस, एमबीएला निघालेल्या पोरांचे राजीनामे सुरू होतात. मी एचआरमध्ये आहे आणि या पोरांचं मला कौतुकच वाटतं. शॉप फ्लोअरवर दोन-तीन वर्षं घाम गाळलेला मुलगा वर्गात बसतो, तेव्हा त्याला काय शिकायचंय ते नेमकं ठाऊक असतं. पण निघताना दरवर्षी तेच घोळ होतात आणि त्यांची किंमत याच पोरांना मोजावी लागते.

ॲडमिशनचं पत्र आलं की त्याच रात्री राजीनामा

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. क्वालिटी विभागात एक हुशार मुलगा होता. जर्मनीच्या विद्यापीठाचं पत्र आलं आणि त्याच रात्री याचा राजीनाम्याचा मेल. सकाळी बोलावून विचारलं, "व्हिसाची तारीख मिळाली का? ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तयार आहेत?" म्हणाला, "होईल सर, कन्सल्टंट बघतोय." जर्मनीला जाणाऱ्याला वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून दाखवावे लागतात, २०२५ मध्ये ११,९०४ युरो. ते एज्युकेशन लोनमधून येणार होते आणि लोन अडकलं तारणावर. जागेच्या उताऱ्यावर वडिलांसोबत दोन काकांची नावं होती. बँकेला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या आणि एक काका तयार होईनात.

नोटीस, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायची मुदत, संपली, त्याच्या जागेवर नवा माणूस रुजू झाला. ऑक्टोबरात तिकडे सत्र सुरू झालं तेव्हा हा पाथर्डी फाट्याच्या खोलीवर बसून होता. पगार नाही, व्हिसा नाही. राजीनामा मागे घेता येईल का, असं विचारायला आला, पण तोवर जागा भरली होती. एवढ्या गुणी मुलाला नाही म्हणताना मला फार जड गेलं.

माझा आग्रह एकच: लेखी राजीनामा द्यायच्या आधी प्रवेशाचं पक्कं पत्र, लोनचं मंजुरीपत्र आणि परदेशी जायचं असेल तर व्हिसा, एवढं हातात हवं. यावर हमखास प्रश्न येतो, "मग नोटीस पूर्ण कशी होणार?" म्हणून ऑफर लेटरमधलं नोटीसचं कलम अर्ज भरतानाच वाचायचं. तीस दिवस, साठ की नव्वद? नोटीस पे, म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार, भरून लवकर सुटता येतं का? ती रक्कम बेसिकवर (मूळ पगारावर) धरतात की ग्रॉसवर (भत्त्यांसकट पगारावर)? शिल्लक रजा त्यात वळती होते का? ही उत्तरं एचआरकडून मेलवर घ्या. कँटीनमध्ये कोणी काय सांगितलं, त्यावर जाऊ नका.

मग तारखा उलट्या मोजायच्या. अमेरिकेत वर्ग साधारण ऑगस्टअखेर भरतात आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कोर्स सुरू व्हायच्या जास्तीत जास्त तीस दिवस आधी तिथे उतरता येतं. म्हणजे साठ दिवसांची नोटीस असेल तर जूनच्या मध्यापर्यंत राजीनामा गेलेला बरा. गेट परीक्षा देऊन एमटेकला जाणाऱ्यांचं गणित आणखी घट्ट आहे. आयआयटीच्या ऑफर मे-जूनमध्ये येतात आणि जुलैअखेर वर्ग सुरू होतात. नव्वद दिवस त्यात बसतच नाहीत. अशा वेळी आपल्या साहेबांना मार्च-एप्रिलमध्येच तोंडी कल्पना द्या आणि कागद हातात आल्यावर लेखी द्या. दिवस कमी पडले तर पैसे भरून सुटा. एक-दोन पगार गेले तरी चालतील, वर्ष जाता कामा नये.

पगार जमा झाला की गायब

हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. कार्ड पंच होत नाही, फोन बंद. मग कंपनीचं पत्र पोस्टाने कायमच्या पत्त्यावर जातं. अशाच एका मुलाचे वडील निफाडहून, द्राक्षाच्या छाटणीचं काम टाकून, ते पत्र पिशवीत घालून गेटवर आले होते. "साहेब, पोराकडून काही चोरीबिरी झाली का?" पत्र इंग्रजीत होतं, त्यांना एवढंच कळलं होतं की काहीतरी वाईट आहे. मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि मुलाला फोन लावायला सांगितला. तो एमबीएच्या ॲडमिशनला पुण्यात होता. घरी पत्ताच नाही.

पीएफच्या नोंदीतली नोकरी सोडल्याची तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर (पीएफच्या वेबसाइटवर) स्वतः भरता येते, तेवढं निभावतं. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने रीतसर मोकळं केल्याचं पत्र, मात्र स्वतः लिहिता येत नाही. ॲडमिशनला संस्था ते मागतात आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीतही तेच विचारलं जातं.

बाकीच्या, थोडक्यात

"घरगुती कारणास्तव" असं खोटं लिहू नका. शिकायला जातोय असं सरळ लिहा, उद्या शिफारसपत्र याच साहेबांकडून लागणार आहे.

व्हॉट्सॲपवर राजीनामा नको. मेल करा, शेवटच्या दिवसाची तारीख लिहा आणि स्वीकारल्याचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.

पगाराच्या स्लिपा आणि जुने फॉर्म १६ कंपनीचा मेल बंद व्हायच्या आत उतरवून घ्या.

पीएफ लगेच काढायची घाई करू नका. पाच वर्षांच्या सलग नोकरीआधी काढला तर साधारणपणे त्यावर कर लागतो.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम (आरोग्य विमा) नोकरीबरोबर संपतो. त्यात आईवडील असतील तर त्यांची वेगळी पॉलिसी आधी बघा.

ट्रेनिंग बाँड, म्हणजे ट्रेनिंगनंतर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर त्याची तारीख संपली का, ते तपासा.

आणि नो ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं उरलं नसल्याचा, फॉर्म शेवटच्या दुपारसाठी ठेवू नका. स्टोअर, टूलरूम, टाइम ऑफिस, आयटी, सगळीकडे सह्या लागतात. रुजू होताना सही करून घेतलेला डिजिटल व्हर्नियर (मोजमापाचं साधन) स्टोअरवाल्याच्या रजिस्टरमध्ये अजून तुमच्याच नावावर असतो आणि तो बहुधा सेकंड शिफ्टच्या कोणाच्या तरी लॉकरमध्ये सापडतो. शेवटचा आठवडा लागला की सोमवारीच फॉर्म घेऊन निघा, पहिलं स्टोअर गाठा.