दोन-अडीच लाखांत रोजच्या वापराची जुनी गाडी कशी निवडावी

जुन्या गाडीचा भाव मॉडेल आणि साल बघून ठरतो. पण ती पुढची पाच वर्षे कशी चालेल, हे आधीच्या मालकाने ऑइल किती किलोमीटरला बदलले आणि रेडिएटरमध्ये कूलंट ओतले की नळाचे पाणी, यावर ठरते. दहा वर्षांची नीट सांभाळलेली साधी वॅगन आर ही सहा वर्षांच्या हाणलेल्या भारी गाडीपेक्षा केव्हाही बरी. त्यामुळे इथे मॉडेलची चर्चा थोडक्यात आहे आणि गाडी तपासायची कशी याला जास्त जागा दिली आहे.

पैशाचा हिशेब आधी करा. हातात अडीच लाख असतील तर गाडी दोन लाख दहा हजारांच्या आतलीच बघा. उरलेले चाळीस हजार गाडी नावावर करणे, विमा, पहिली मोठी सर्व्हिस आणि टायर-बॅटरी यांत जातात. सगळे पैसे गाडीतच घातले की ही कामे पुढे ढकलली जातात, आणि चांगली गाडीही सहा महिन्यांत त्रास द्यायला लागते.

वय बघताना पासिंग लक्षात घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १३ वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण दोन वर्षांत रिपासिंगचा खर्च तुमच्या माथी येतो. या बजेटमध्ये ८ ते ११ वर्षांची गाडी सर्वांत परवडते: किंमत बरीच उतरलेली असते आणि पासिंग अजून ४ ते ७ वर्षे शिल्लक असते.

कोणती गाडी

रोजचे जाणे-येणे ३०-४० किलोमीटर असेल तर पेट्रोल आणि साधा हाताचा गिअर घ्या. डिझेलचा विचार महिन्याला दीड हजार किलोमीटरहून जास्त आणि तेही बरेचसे हायवेवर होत असतील तरच करा. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, टर्बो किंवा हाय प्रेशर पंप यांपैकी एक काम निघाले तरी इंधनावर वाचवलेले वर्षभराचे पैसे जातात.

मारुतीची २०१० ते २०१८ मधली वॅगन आर हा सर्वांत निर्धोक पर्याय. ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, त्याला टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, जी बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही), आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. जरा जास्त ताकद हवी असेल तर १.२ लिटर पेट्रोल स्विफ्ट. पण स्विफ्टला मागणी असल्याने भाव चढा असतो. त्याऐवजी मारुतीचीच रिट्झ बघा. इंजिन तेच, आतली उंची जास्त, आणि मॉडेल २०१६ च्या सुमारास बंद झाल्याने किंमत कमी. ऑल्टो ८०० सर्वांत स्वस्त पडते, मात्र तिच्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. लाखभर किलोमीटर झाले असतील आणि बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करा.

ह्युंदाई आय-१० मध्ये १.१ लिटरच्या इंजिनाला बेल्ट आणि १.२ लिटरच्या ‘कप्पा’ नावाच्या इंजिनाला चेन आहे. मिळाल्यास ‘कप्पा’ इंजिनाची घ्या. या गाड्यांचे स्टिअरिंग जागच्या जागी डावी-उजवीकडे हलवल्यावर टकटक झाली तर अनेकदा दोष इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या मोटरमधल्या छोट्या रबरी कपलरचा असतो. भाग स्वस्त आहे, मजुरी त्याहून जास्त. त्यासाठी आख्खा स्टिअरिंग कॉलम बदलायची गरज नसते. टोयोटा इटिऑस आणि लिवा आतून साध्या पण टिकाऊ आहेत. फक्त इटिऑस टॅक्सीत फार चालल्या, म्हणून आरसीवरचा पूर्वीचा वापर आणि सर्व्हिस रेकॉर्ड दोन्ही बघा. दर महिन्याला चार-पाच हजार किलोमीटरची नोंद दिसली तर ती गाडी भाड्याने फिरलेली आहे. होंडा ब्रिओचे इंजिन उत्तम आहे, सुटे भाग मात्र मारुतीपेक्षा महाग.

शेवरोलेने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. या गाड्या म्हणून स्वस्त मिळतात. घेण्याआधी तुमच्याच गावातल्या गॅरेजवाल्याला हेडलाइट, क्लच आणि लोअर आर्म किती दिवसांत मिळेल ते विचारा. रोज कामावर जायची गाडी एका भागासाठी पंधरा दिवस उभी राहिली तर स्वस्ताई कसली!

आणखी एक. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बेसिक मॉडेलमध्ये बहुधा दोन्ही नसतात. त्याच सालच्या वरच्या किंवा ऑप्शन मॉडेलला वीस-तीस हजार जास्त पडले तरी द्या. एबीएस नंतर बसवून घेता येत नाही.

बघायला जाण्याआधी

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, गाडी काळ्या यादीत आहे का, हे तिथे दिसते. ई-चलन वेगळे तपासा. थकलेली चलने विकणाऱ्याने भरायला हवीत. नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही चौकशी करा. मीटर मागे फिरवलेले असेल तर ते तिथेच उघडे पडते: २०१९ ला ७२ हजारांवर सर्व्हिस झालेली गाडी आज ५८ हजार दाखवत असते.

विम्याची शेवटची पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) वाचा. ५० टक्के असेल तर पाचेक वर्षांत क्लेम नाही. शून्य असेल तर बहुधा गेल्या वर्षी काहीतरी झाले, आणि काय झाले ते विचारायचा हक्क तुम्हाला आहे. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तो पुरावा नाही. पण प्रश्न कुठे विचारायचा ते यावरून कळते.

गाडी ठोकलेली किंवा पाण्यात गेलेली आहे का

दिवसा, कोरड्या गाडीवर तपासा. नुकतीच धुतलेली गाडी बाजूने तिरकी बघितली तरी रंगातला फरक झाकला जातो. दारे, बॉनेट आणि डिक्की यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेट उघडून फेंडर आणि बिजागरीचे नट बघा: कंपनीतून आलेल्या नटावरचा रंग अखंड असतो, पान्याने सोललेला नट म्हणजे ते पॅनल कधीतरी उतरवलेले आहे. फेंडर किंवा बंपर बदललेला असणे शहरात नेहमीचेच, त्यावरून गाडी सोडू नका. पण पुढचे लाँग मेंबर (सांगाड्याचे लांब दांडे), ॲप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा), दाराचे पिलर आणि डिक्कीचा तळ इथे वेल्डिंग, सुरकुत्या किंवा जाड पुट्टी दिसली तर भाव कितीही पाडून दिला तरी नको. अशा गाडीचे अलाइनमेंट बसत नाही आणि टायर खात राहते. मऊ फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक पत्र्यावर फिरवला की पुट्टीवर तो धरत नाही.

सगळ्या काचांवर कंपनीचे नाव आणि सालाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर त्या बाजूचे पत्रे दुसऱ्यांदा बघा.

सांगली-कोल्हापूरकडच्या २०१९ च्या आणि चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरानंतर पाण्यात बुडालेल्या बऱ्याच गाड्या दुरुस्त होऊन बाजारात आल्या. मुंबई-ठाण्यातही दर पावसाळ्यात भर पडते. अशी गाडी काही महिने नीट चालते, मग वायरिंगच्या जोडांत गंज चढून कधी पॉवर विंडो, कधी सेन्सर, कधी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जातो. ओळखायचे असे: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला गाळाचा पट्टा दिसतो. सीटच्या खालचे रूळ आणि स्प्रिंग गंजलेले असतात. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि डॅशबोर्डखाली बोट फिरवले तर बारीक माती लागते. सीट कव्हर आणि कार्पेट नवे, बाकी गाडी जुनी, असे दिसले तर कार्पेट उचलून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोकण आणि गोव्याच्या गाडीत खाऱ्या हवेचा गंज असतो. दाराची खालची कड, दारांखालचा उंबरा आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडाजवळचा पत्रा खालून टॉर्च लावून तपासा. वरच्या पत्र्यावरचा गंज घासता येतो. सस्पेन्शनच्या जोडावरचा गंज म्हणजे गाडी संपत आली.

इंजिन

मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर थंड व्हायची वाट बघा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. घासलेले इंजिन थंड असतानाच बोलते.

थंड इंजिनावर कूलंटची टाकी उघडा (गरम असताना झाकणाला हात लावू नका, वाफेने भाजते). हिरवा, गुलाबी किंवा निळा रंग चालेल. तांबूस गढूळ पाणी म्हणजे वर्षानुवर्षे साधे पाणी घातले आहे. रेडिएटर आणि वॉटर पंप आतून गंजलेले असणार. ऑइल कॅपच्या आत दुधाळ साय असेल आणि कूलंटही कमी असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) गेल्याचा संशय धरा.

आता एकाने गाडी सुरू करावी, दुसऱ्याने सायलेन्सरमागे उभे राहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर थंडीत मिनिटभर निघणे ठीक, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट आणि गोडसर वासाचा येत असेल तर कूलंट जळते आहे. चालू इंजिनावर ऑइल कॅप काढा: हलकी फुंकर येते ती चालते, धूर ठोके देत बाहेर फेकला जात असेल तर पिस्टन रिंग गेल्या. शंका असेल तर मेकॅनिककडून कम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचे प्रेशर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त फरकाने कमी असेल तर इंजिन खोलावे लागणार.

चावी फिरवल्यावर चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे आधी लागून मग विझायला हवेत. मुळीच लागत नसतील तर दिवा काढून दोष लपवलेला असू शकतो. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड मोबाइलवर दाखवणारे यंत्र) घेऊन जा. कोड शून्य दिसले तरी ‘रेडिनेस’ (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याची खूण) अपुरा दाखवत असेल तर कोड बहुधा नुकतेच पुसले आहेत.

एसी लावून पंधरा मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू-बंद व्हायला हवा आणि तापमान वाढत जाता कामा नये. काही लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो, म्हणून ही परीक्षा टाळू नका. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नेमकी याच स्थितीत तासभर उभी असते.

चालवून बघताना

किमान दहा किलोमीटर चालवा, त्यात एक चढ आणि एक खराब रस्ता हवा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. स्पीडब्रेकर तिरका ओलांडा. टकटक आली तर लिंक रॉड, बुश किंवा शॉकॲब्सॉर्बर. ही कामे आपल्या रस्त्यांवर होणारच, फक्त भावात धरा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरताना कटकट आली तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी ‘घूं’ बहुधा व्हील बेअरिंगची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वेगात ॲक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर आपोआप न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स खोलायचा आहे, अशी गाडी सोडा.

टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच आहे असे धरा.

कागद आणि पैसे

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचून जुळवा. कर्ज होते तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथे गाडीच्या वयानुसार कर लागतो. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध लावले गेल्याने तिकडून स्वस्त गाड्या येतात. कर धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीच विरघळते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही बघा.

सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढवलेले हवे, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (टाकी दाब सोसते का याची चाचणी) झालेली हवी. ती तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते.

ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या करा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर अपघात झाल्यास क्लेम अडतो.

पहिल्या आठवड्यात

मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. छोट्या पेट्रोल इंजिनाला तीन-साडेतीन लिटर पुरते. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि कूलंटही बदला. कूलंट रिकामे करताना रेडिएटर धुऊन घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरा. बेल्टच्या गाडीत टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनर बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून बघा. कडक झालेल्या किंवा भेगा पडलेल्या नळ्या बदला. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला त्रास देते, आणि नळीतून गळणारे पेट्रोल गरम इंजिनावर पडते. यानंतर हजार किलोमीटरला डिपस्टिक पुन्हा बघा. पातळी अर्ध्या खुणेपेक्षा खाली गेली असेल तर गळती शोधा. गळती नसेल तर ऑइल जळते आहे, आणि त्याचा उपाय ऑइल ओतत राहणे हा नाही, व्हॉल्व्ह सील किंवा रिंग बदलणे हा आहे.