नावाआधीचं ‘सर’, नावामागची अक्षरं : कॅरिबियन सन्मान मराठीत कसे लिहावेत

1 जुलै 2020 च्या रात्री वेस्ट इंडिजचे जुने क्रिकेटपटू एव्हर्टन वीक्स गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या डेस्कवर मी आणि एक नवा उपसंपादक असे दोघंच होतो. लॉकडाउन होता, बाकीचे घरून काम करत होते. खेळाचं पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. पोरानं भराभर चौकट लिहिली : ‘वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिन्ही डब्ल्यूंना इंग्लंडच्या राणीने सर ही पदवी दिली.’ मी ऱ्हस्वदीर्घ बघितलं, ‘पदवी’चं ‘किताब’ केलं आणि पान सोडलं.

सकाळी साडेसातला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका आजोबांचा फोन आला. “बाई, वॉलकॉटला इंग्लंडच्या यादीतनं न्हाई मिळालं. त्याच्या स्वतःच्या देशानं दिलं. तेवढं बघा जरा.”

मी बघितलं. त्यांचंच बरोबर होतं. बत्तीस वर्षं मुद्रितशोधनात घालवलेल्या बाईला वेलांटी दिसली आणि माणसाचा मान दिसला नाही, हे मला फार लागलं. त्या दिवसापासून मी एक वही केली. आता निवृत्तीनंतर शाहूपुरीतल्या घरी पत्रकारितेची मुलं शिकायला येतात, त्यांना मी त्या वहीतूनच शिकवते. इथे तेच सांगते आहे. कॅरिबियन देशातला खेळाडू, गायक, पंतप्रधान कुणीही बातमीत आला की हे उपयोगी पडेल.

आधी विचारा : दिला कुणी?

तिन्ही डब्ल्यू, म्हणजे इंग्रजी W ने आडनाव सुरू होणारे हे तीन वेस्ट इंडियन फलंदाज, बार्बेडोसची राजधानी ब्रिजटाउनमधल्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानाच्या आसपास, दीड वर्षाच्या आत जन्मले. तिघांच्याही नावाआधी ‘सर’ लागतं, पण ते तीन वेगळ्या दारांनी आलेलं आहे. फ्रँक वॉरेलना 1964 मध्ये ब्रिटिश नाइटहूड, म्हणजे नावाआधी ‘सर’ लावायचा मान, मिळाला. तेव्हा बार्बेडोस स्वतंत्रच नव्हता, तो झाला 30 नोव्हेंबर 1966 ला. एव्हर्टन वीक्सना 1995 मध्ये के.सी.एम.जी., म्हणजे ऑर्डर ऑफ सेंट मायकेल अँड सेंट जॉर्ज, हाही ब्रिटिशच. आणि क्लाइड वॉलकॉट यांच्या नावामागे के.ए. आहे : नाइट ऑफ सेंट अँड्र्यू. हा ऑर्डर ऑफ बार्बेडोसमधला मान, आणि ती ऑर्डर बार्बेडोसनं 1980 मध्ये स्वतःची म्हणून सुरू केली.

म्हणजे नावाआधीचं ‘सर’ तुम्हाला काहीच सांगत नाही. नावामागची अक्षरं सांगतात. म्हणून पहिला नियम : ‘सर’ दिसलं की मागची अक्षरं शोधा, अक्षरांवरून देश शोधा, मगच वाक्य लिहा.

कोल्हापूरच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या काळातली पुस्तकं चाळा. शाहू महाराजांच्या नावाआधी ‘सर’ आणि नावामागे जी.सी.एस.आय., जी.सी.व्ही.ओ., जी.सी.आय.ई. अशी रांग दिसते. ती अक्षरं इंग्रज सरकारची. ‘राजर्षी’ मात्र 1919 मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजानं दिलं. आज आपल्या तोंडात कोणतं राहिलं, हे सांगायला नको. दोन्ही मानच, पण देणारा वेगळा, आणि देणारा बदलला की अर्थ बदलतो. बार्बेडोसनं, जमैकानं, त्रिनिदादनं आपले स्वतःचे मान का घडवले, ते इथून पटकन समजतं.

जाता जाता वॉरेलबद्दल एक गोष्ट, कारण ती मुलांना मी दरवेळी सांगते. मार्च 1962 मध्ये बार्बेडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. जीव वाचवायला रक्त हवं होतं. वेस्ट इंडिजचा कर्णधार वॉरेल रक्त द्यायला पुढे आला. आपल्याकडून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी दिलं. बंगालमध्ये 3 फेब्रुवारीला वॉरेलच्या नावानं अजून रक्तदान होतं. ‘सर’ त्याला दोन वर्षांनी मिळालं.

‘सर’ कुठे लावायचं

‘सर विव्हियन रिचर्ड्स’ बरोबर. ‘सर विव्हियन’ही बरोबर. ‘सर रिचर्ड्स’ चूक, कारण हा किताब पहिल्या नावाला चिकटतो, आडनावाला नाही. दर चार बातम्यांत एक तरी ‘सर सोबर्स’ मला सापडतोच. आपल्याकडे ‘पाटील सर’ म्हणजे मास्तर, म्हणून गोंधळ होतो. मुलांना मी एवढंच सांगते : नावानंतरचं सर शाळेतलं, नावाआधीचं सर किताबाचं. बाईला ‘डेम’ लागतं, ते तसंच ठेवा; मराठीत त्याला ‘श्रीमती’ करू नका.

आणि हा किताब वापरायला तिथे बंदी नाही, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे संविधानाच्या अठराव्या कलमानं सरकारी किताब बंद केले. पद्म सन्मान हे किताब नाहीत, ते नावाआधी किंवा नावामागे लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये स्पष्ट केलं. तरी आपण फ्लेक्सवर सर्रास ‘पद्मश्री अमुक’ छापतो. माझ्या पानावर मी ते काढत असे. सोबर्सचं ‘सर’ मात्र कधीच काढलं नाही, कारण ते त्यांच्या नावाचाच भाग आहे. दोन देशांची रीत वेगळी. प्रत्येकाला त्याच्या रीतीनं लिहायचं.

शब्द कोणता

‘पदवी’ विद्यापीठ देतं. ‘किताब’ नावाआधी लागतो; हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरीमुळे हा शब्द कोल्हापूरच्या कानाला सवयीचा आहे. ‘पदक’ छातीवर लागतं. बाकी सगळ्याला ‘सन्मान’ म्हणा, चुकणार नाही. ‘पुरस्कार’ टाळलेला बरा. त्यात बक्षिसाचा वास येतो.

‘ऑर्डर’ या शब्दाचं भाषांतर करू नका. ऑर्डर म्हणजे मानकऱ्यांचा एक समूह, माणूस त्यात घेतला जातो. त्यामुळे ‘बोल्टला ऑर्डर मिळाली’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला बदलीचा हुकूम वाटतो. ‘ऑर्डर ऑफ जमैका या सन्मानाने गौरव’ असं पूर्ण लिहा.

देशादेशाचं

जमैकापासून सुरू करा, कारण तिथली उतरंड सगळ्यांत स्पष्ट आहे. 1969 च्या कायद्यानं ती ठरली. सगळ्यांत वर राष्ट्रीय वीर. ते सातच आहेत : मार्कस गार्वी, पॉल बोगल, जॉर्ज विल्यम गॉर्डन, नॉर्मन मॅन्ली, अलेक्झांडर बुस्टामांटे, सॅम शार्प आणि एकटी बाई, ‘मरून’ (Maroon) म्हणजे गुलामीतून पळून स्वतंत्र राहिलेल्या लोकांची पुढारी नॅनी. बॉब मार्ली यात नाही. त्याला 1981 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, आणि ती त्याच्या वतीनं मुलानं घेतली. ‘जमैकाचा राष्ट्रीय वीर बॉब मार्ली’ हे वाक्य मी एका पुरवणीत छापलेलं बघितलं आहे; भावना समजते, पण ते खरं नाही.

उसेन बोल्टला 2009 मध्ये ऑर्डर ऑफ जमैका मिळाली, त्यामुळे इंग्रजी बातमीत त्याच्याआधी ‘ऑनरेबल’ लागतं. आमच्या एका मुलानं त्यावरून ‘माननीय मंत्री उसेन बोल्ट’ केलं होतं! तो मंत्री नाही. जमैकात त्या ऑर्डरच्या मानकऱ्यालाही तसंच संबोधतात. त्याचं ‘मा.’ तर मुळीच करू नका. कोल्हापुरात ‘मा.’ म्हणजे माननीय की माजी, हे फ्लेक्स लावणाऱ्यालाच ठाऊक असतं.

अँटिगाच्या बाबतीत आधी उच्चार : तिथले लोक ‘अँटिगा’ म्हणतात, ‘अँटिग्वा’ नाही. 28 फेब्रुवारी 2014 ला इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्याआधी, मैदानातच, अँडी रॉबर्ट्स, कर्टली अँब्रोज आणि रिची रिचर्डसन यांना नाइट करण्यात आलं. मैदानाचं नाव सर विव्हियन रिचर्ड्स स्टेडियम. हा अँटिगाचा स्वतःचा मान, ऑर्डर ऑफ द नेशन, के.सी.एन. अशी अक्षरं. ब्रिटनच्या यादीत ही नावं शोधत बसू नका. रिचर्ड्स त्याहून वर आहे, तो तिथला राष्ट्रीय वीर आहे. ज्या बेटाची लोकसंख्या आपल्या शहराहून कितीतरी कमी, त्यानं आपल्या चार क्रिकेटपटूंना राजमान्य केलं, हे लिहिताना मला अजूनही भरून येतं.

डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे वेगळे देश. पहिल्याची राजधानी रोझो, भाषा इंग्रजी; दुसऱ्याची सांतो दोमिंगो, भाषा स्पॅनिश. नोव्हेंबर 2024 मध्ये पंतप्रधान मोदींना ‘डॉमिनिका अवॉर्ड ऑफ ऑनर’ दिला तो पहिल्यानं. त्याच दौऱ्यात गयानानं ‘ऑर्डर ऑफ एक्सलन्स’ दिली. गयाना बेट नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. तरी कॅरिबियन देशांत मोजतात.

बार्बेडोसमध्ये राष्ट्रीय वीरांचा कायदा 1998 चा. पहिले दहा वीर तेव्हा ठरले. 1816 च्या गुलामांच्या बंडाचा पुढारी बुस्सा त्यात आहे, देशाचे पहिले पंतप्रधान एरल बॅरो आहेत, आणि तेव्हा हयात असलेले सर गारफिल्ड सोबर्स. राष्ट्रीय वीराला तिथे ‘राइट एक्सलंट’ असं संबोधतात. सोबर्सना 1975 मध्ये राणी एलिझाबेथनं ब्रिजटाउनच्या गॅरिसन सव्हाना मैदानावर नाइट केलं होतं, म्हणजे दोन्ही मान एकाच माणसात आहेत. त्यांच्याबद्दल लिहिताना दोन्ही वर्षं द्या. 30 नोव्हेंबर 2021 ला देश प्रजासत्ताक झाला, राणीऐवजी राष्ट्राध्यक्ष आल्या, डेम सँड्रा मेसन, आणि त्याच समारंभात पंतप्रधान मिया मॉटली यांनी रिहानाला राष्ट्रीय वीर जाहीर केलं. अकरावी. सारा अ‍ॅन गिलनंतरची दुसरी बाई. त्या दिवशी आमच्याकडे ‘पॉप गायिकेचा सत्कार’ एवढंच मनोरंजनाच्या पानावर गेलं. ती बातमी पहिल्या पानाची होती : एक देश राजा सोडतो आणि त्याच रात्री आपल्या मातीतल्या मुलीला सगळ्यांत वर बसवतो.

ट्रिनिटी क्रॉस : इथे थांबाच

त्रिनिदाद आणि टोबॅगोवर मी मुलांचा एक अख्खा तास घेते. 30 मे 1845 ला फातेल रझाक जहाजातून तिथे पहिले भारतीय मजूर उतरले. आज त्यांची नातवंडं-पणतवंडं देशातला मोठा समाज आहेत. 1969 मध्ये देशानं सर्वोच्च सन्मान ठरवला, ट्रिनिटी क्रॉस. ब्रायन लाराकडे आहे तो हाच. पण ट्रिनिटी म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य आणि क्रॉस म्हणजे क्रूस. हिंदू आणि मुसलमान माणसानं तो गळ्यात कसा घालायचा? काहींनी नाकारला. पुढे सनातन धर्म महासभा आणि एक मुस्लिम संघटना मिळून न्यायालयात गेल्या. 2006 मध्ये उच्च न्यायालयानं म्हटलं की हा सन्मान या समाजांच्या बाबतीत भेदभाव करतो. 2009 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनंही, म्हणजे त्या देशाच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयानंही, त्यांच्या बाजूनं कौल दिला. तोवर सरकारनं 2008 मध्ये नवा सर्वोच्च सन्मान आणला होता, ऑर्डर ऑफ द रिपब्लिक ऑफ त्रिनिदाद अँड टोबॅगो, अक्षरं ओ.आर.टी.टी. लंडन ऑलिंपिकमध्ये भालाफेकीचं सुवर्ण जिंकणाऱ्या केशॉर्न वॉलकॉटला 2012 मध्ये मिळाला तो हा, आणि 4 जुलै 2025 ला मोदींना दिला तोही हाच.

म्हणून लिहिताना वर्ष तपासा. 2008 आधीचा सर्वोच्च मानकरी असेल तर ट्रिनिटी क्रॉस, नंतरचा असेल तर ओ.आर.टी.टी. ‘त्रिनिदादचा सर्वोच्च नागरी सन्मान ट्रिनिटी क्रॉस’ असं आजच्या बातमीत वर्तमानकाळात लिहिलंत, तर ज्या लोकांनी इतकी वर्षं भांडून ते नाव बदलून घेतलं, त्यांचं भांडण तुम्ही एका ओळीत पुसलंत. खालच्या पायरीवर चाकोनिया पदक आणि हमिंगबर्ड पदक आहेत, प्रत्येकी सुवर्ण, रौप्य, कांस्य. चाकोनिया हे तिथलं राष्ट्रीय फूल. ‘सुवर्णपदक’ एवढंच लिहिलं तर वाचकाला शर्यतीतलं वाटेल. ‘हमिंगबर्ड पदक, सुवर्ण श्रेणी’ असं लिहा.

चूक झालीच तर

शुद्धिपत्र छापा, त्याच पानावर, आणि त्यात नुसतं ‘नजरचुकीने’ म्हणून सोडू नका. बरोबर काय ते पूर्ण सांगा. वीक्सच्या बातमीनंतर संपादकांकडून मी तीन ओळींची जागा मागून घेतली आणि हे छापलं : ‘सर फ्रँक वॉरेल व सर एव्हर्टन वीक्स यांना ब्रिटिश नाइटहूड होता. सर क्लाइड वॉलकॉट यांना बार्बेडोसने स्वतःच्या ऑर्डरमधून नाइट ऑफ सेंट अँड्र्यू हा मान दिला. कालच्या अंकात तिघांचा एकत्र उल्लेख झाला, तो चूक होता.’

लॉकडाउन उठल्यावर मी आजोबांना भेटायला मंगळवार पेठेत गेले. त्यांच्या कात्रणवहीत माझी चुकीची चौकट चिकटवलेली होती, आणि तिच्या शेजारी, त्याच मापाची पट्टी आखून, शुद्धिपत्र.