मशीन घ्यायचंय? कुठल्या प्रदर्शनाला जायचं ते आधी घरी बसून ठरवा

भोसरी, चाकण किंवा शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्याला वर्षभर प्रदर्शनांची निमंत्रणं येत राहतात. नाव मोठं आहे किंवा शेजारचा जातोय म्हणून निघालात, तर चार दिवस मोडतात आणि हाती कॅटलॉगची पिशवी उरते.

म्हणून सुरुवात निमंत्रणापासून करू नका, खरेदीपासून करा. येत्या बारा महिन्यांत पैसा कशात घालणार आहात ते एका ओळीत लिहा: ‘शाफ्टच्या कामासाठी आठ इंची चकचा (जॉब पकडणारा भाग) सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा लेथ, बार फीडरसह (सळई आपोआप पुढे सरकवणारं).’ ही ओळ लिहिता येत नसेल, तर या वर्षी बाहेरगावच्या प्रदर्शनाला जाऊ नका. पुण्याजवळ मोशीच्या प्रदर्शन केंद्रात काही भरलं तर अर्ध्या दिवसात बघून या, तेवढं पुरे.

ओळ तयार झाली की वर्ष तपासा. सर्वांत जास्त चूक इथेच होते. बेंगळुरूचं इमटेक्स हे मशीन टूल्सचं प्रदर्शन एकच वाटतं, पण विषय आलटूनपालटून असतो. २०२३ आणि २०२५ ला मेटल कटिंग (धातू कापून आकार देणं) होतं, २०२४ ला फॉर्मिंग (वाकवून-दाबून आकार देणं). प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवणारं मशीन शोधणारा कटिंगच्या वर्षी गेला, तर हॉलमागून हॉल लेथ आणि व्हीएमसीच (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) बघत फिरतो. प्लास्टिकवाल्यांनी तर आणखी जपावं: जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचं ‘के’ तीन वर्षांतून एकदाच भरतं (२०१९, २०२२, २०२५). ते हुकलं की थेट तीन वर्षांनी.

आता प्रदर्शकांची यादी उघडा आणि दोन तास तिला द्या. तुमच्या ओळीशी जुळणारी नावं काढा. त्यातल्या ज्यांचं पुण्यात डेमो सेंटर आहे, त्यांच्यावर काट मारा. त्यांच्याकडे फोन करून कधीही जाता येतं, आणि तिथे मशीनवर निवांत तासभर मिळतो. काट मारून आठ-दहा नावं उरली तर तिकीट काढा. तीनच उरली तर त्या तिघांना कोटेशन मागवा, प्रवास वाचवा. यादी ‘लवकरच’ म्हणत अडकवून ठेवली असेल, तर मागच्या वर्षीची मागा. तीही मिळाली नाही, तर ते प्रदर्शन सोडा.

खर्च मांडताना तिकीट आणि हॉटेलवर थांबू नका. तुम्ही नसताना सेटिंग कोण करणार, किती शिफ्टचं काम मागे पडणार, तेही धरा. बेंगळुरूच्या हॉटेलवर कर्नाटकाचा जीएसटी लागतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणून ती रक्कम पूर्ण खर्चातच धरा. विमानाच्या तिकिटावरचं क्रेडिट मात्र मिळू शकतं, म्हणून बुकिंग करतानाच जीएसटी नंबर टाका. राहायला मेट्रोच्या ग्रीन लाइनवर, यशवंतपूरच्या आसपास बघा. मादावर स्टेशन प्रदर्शनाजवळच आहे, त्यामुळे तुमकूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ जात नाही.

युरोपात जायचं असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस लागतात, पण अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जाऊ शकतात. तीन महिने हातात ठेवा.

‘प्रदर्शनाला येणाऱ्यांची यादी विकत घ्या’ अशी मेल आली तर पैसे भरू नका. अशा मेलचा आयोजकांशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

पहिला दिवस उद्घाटनात आणि पाहुण्यांत जातो, शेवटच्या दिवशी स्टॉलवाल्यांचं लक्ष आवराआवरीकडे असतं. मधले दोन दिवस धरा आणि भेटीच्या वेळा आधीच मेलवर पक्क्या करा. बॅगेत तुमचा खरा जॉब (तुम्ही बनवता तो सुटा भाग), त्याचं ड्रॉइंग आणि सध्याचा सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, लिहिलेला कागद ठेवा. बेअरिंग बसते त्या व्यासावर २० मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असेल, तर तिथे लाल पेनने गोल करा. तो जॉब टेबलावर ठेवून ‘याचा टाइम स्टडी, म्हणजे तुमच्या मशीनवर किती वेळ लागेल ते, लेखी द्या’ म्हणा. ज्याला मशीन कळतं, तो आधी ड्रॉइंग ओढून घेतो आणि मटेरियल विचारतो.