नैराश्यात एचएस-सीआरपीचा रिपोर्ट कसा वाचावा

नैराश्याचे औषध पुरेशा मात्रेत सहा-आठ आठवडे घेऊनही फरक नाही, अंग जड, आणि 'डोकंच चालत नाही' ही तक्रार कायम, अशा वेळी शरीरात छुपा दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, आहे का ते बघण्यासाठी डॉक्टरांना एचएस-सीआरपीबद्दल (सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन, ते अगदी कमी असले तरी मोजणारी चाचणी) विचारा. नुसती 'सीआरपी' नको. साध्या चाचणीत खालचे आकडे नीट कळत नाहीत. उपाशीपोटी जायची गरज नाही. मात्र ताप, लस, दाढ काढणे किंवा मार लागणे यानंतर दोन आठवडे जाऊ द्या.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. घोळ बहुतेक तिथेच होतो: 0.5 मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे 5 मिग्रॅ प्रति लिटर. लिटरच्या हिशेबात 1 च्या आत कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधायचा आणि दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करायची. नैराश्याच्या साधारण चारांतल्या एकाच रुग्णाचा आकडा 3 च्या वर असतो. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार खोटा ठरत नाही.

दाह वाढला की सायटोकाइन्स, म्हणजे दाहाचा संदेश नेणारी प्रथिने, ट्रिप्टोफॅनला (ज्यापासून मेंदूतले सेरोटोनिन बनते) सेरोटोनिनऐवजी कायन्युरेनिन या दुसऱ्या पदार्थाच्या वाटेला लावतात, उत्साह देणारे डोपामिनही मंदावते. मग उत्साह आटतो, विचारांचा वेग पडतो. पूर्वी हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन हे दाह वाढवणारे औषध दिलेल्या अनेकांना उपचारादरम्यानच नैराश्य यायचे, ते याचेच ओळखीचे उदाहरण.

आकडा जास्त असेल तर उगम शोधा: पोटावरची चरबी, सुजलेल्या हिरड्या, तंबाखू, मधुमेह, संधिवात, घोरताना अडकणारा श्वास. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा वाढतो, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनने उतरतो. चालू औषधे सांगाच. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे इथे हळदीच्या कॅप्सूलपेक्षा भरवशाचे.

दाह उतरवायचा म्हणून आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मनाने सुरू करू नका. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटाच्या गोळ्यांसोबत त्याने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. नैराश्यासाठी इन्फ्लिक्सिमॅब या दाह उतरवणाऱ्या औषधाच्या 2013 च्या चाचणीतही सरसकट फायदा दिसला नाही; दिसला तो 5 च्या वर आकडा असलेल्यांतच. चालू गोळ्या स्वतःहून बंद करणे तर नकोच.

याच रक्तात बी-12, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या. शाकाहारी घरांत विसराळूपणाचे कारण कधी कधी फक्त बी-12 निघते. आणि घरातले वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागले, तर ते नैराश्य समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग किंवा न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.