जुना टिलर पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

जुन्या टिलरचं, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती खणणाऱ्या यंत्राचं, सगळ्यात मोठं नुकसान बहुधा तो पुन्हा चालू होतो त्या दिवशी होतं. बरीच वर्षं उभं असलेलं यंत्र हाती आलं की लक्ष आधी इंजिनाकडे जातं. कार्बोरेटर साफ होतो, प्लग बदलतो, इंजिन धडधडायला लागतं आणि त्या आनंदात पाती थेट जमिनीत उतरतात. मागच्या गिअरबॉक्समध्ये तेल आहे का, की नुसतं पाणी साचलंय, हे कुणी बघितलेलंच नसतं. इंजिन बिघडलं तर निदान बंद पडून सांगतं. गिअरबॉक्स मुकाट्याने झिजतो आणि जुन्या मॉडेलचे गिअर शोधताना घाम फुटतो.

म्हणून आधी मागची बाजू, मग इंजिन. टिलर ट्रॅक्टरमागे जोडायचा असो की हाताने चालवायचा, क्रम हाच. हात घालण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा. ट्रॅक्टरचा टिलर असेल तर पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद टिलरला पोचवणारा फिरता दांडा, सोडवून ठेवा. टिलर उचलून धरला असेल तर खाली भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून पात्यांखाली हात घालू नका.

आल्या आल्या धुऊन टाकणं

प्रेशर वॉशर हाताशी असला की मोह होतोच. पण वाळून तडकलेल्या सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, कडेतून पाण्याचा फवारा सरळ बेअरिंगमध्ये जातो. शिवाय धुतलं की सगळ्यात कामाचा पुरावाही वाहून जातो. जिथे चिखल काळा, तेलकट आणि जाड बसलाय, तिथूनच तेल गळत होतं. कोरडी माती भुरभुरीत असते, तेल पिऊन बसलेली माती पुट्टीच्या पत्तीने खरवडली की वड्या निघतात. अशा जागांचे आधी फोटो काढा, मग खरवडा, मग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा.

तेल गेलं कुठे हे न बघता नवं तेल ओतणं

तेल कमी दिसलं, भरलं, झालं. दोन आठवड्यांनी पुन्हा कमी. हे चक्र मी इतक्या यंत्रांवर पाहिलंय की आता तेलाचा डबा उघडण्याआधी मी ड्रेनचा बोल्ट उघडायला सांगतो.

यंत्र बराच वेळ उभं असताना तो बोल्ट हळूहळू सैल करा. आत पाणी असेल तर ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी तेच बाहेर येतं. तेल दुधाळ किंवा राखाडी असेल तर पाणी त्यात घुसळलं गेलंय. आता थोडं तेल बोटावर घेऊन उन्हात धरा. सोनेरी चकाकी दिसली तर वर्म गिअरचं (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या गिअरचं) गनमेटलचं, म्हणजे तांब्याच्या पिवळ्या मिश्रधातूचं, चाक झिजतंय. चुंबकाला चिकटणारा बारीक काळा लगदा ही जुन्या गिअरबॉक्सची नेहमीची झीज आहे. मात्र बोटांत टोचणारे तुकडे निघाले तर नवं तेल भरून उपयोग नाही, कव्हर उघडावंच लागेल.

गळतीचं मूळ बहुतेक वेळा पात्यांच्या शाफ्टवरच्या ऑइल सीलमध्ये असतं. पाती उतरवली की त्यांच्या मुळाशी गवताचे वळसे, नायलॉनची दोरी, कधी चक्क तार गुंडाळलेली सापडते. शाफ्ट फिरेल तशी ती सीलमध्ये शिरत जाते आणि त्याची कड कापते. हे सगळं चाकूने कापून काढा.

नवं सील आणताना जुनं सोबत न्या. त्यावर शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ २५-४०-७. बसवताना स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे. काही टिलरमध्ये धूळ अडवायला बाहेर दुसरं सील उलट्या तोंडाने असतं, म्हणून काढतानाच कुठलं कसं होतं ते टिपून ठेवा. शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळा, नाहीतर नव्या सीलची कड तिथेच फाटते. कडेला थोडं ग्रीस लावायला विसरू नका. कोरडं सील पहिल्या काही मिनिटांत करपतं.

आणि एक गोष्ट जी घाईत हमखास राहते. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय, आणि तिच्यावर कितीही चांगलं सील बसवलं तरी ते गळणार. अशा शाफ्टवर दुरुस्तीची पातळ बाही चढवतात. सील ज्या खोबणीत बसतं तिथे जागा असेल आणि तेलाचं छिद्र झाकलं जात नसेल, तर सील एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवूनही भागतं.

सील बदलूनही गळती थांबत नसेल तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदर शोधा. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला बारीक भोकाचा एक बोल्ट असतो. चिखलाने किंवा जुन्या रंगाने तो बुजला की आतली गरम हवा कोंडते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. बारीक तार घालून भोक मोकळं केलं की काम झालं.

गळतं म्हणून गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरणं

ही चूक अनुभवी लोकही करतात. नेहमीचं घट्ट ग्रीस, म्हणजे एनएलजीआय (ग्रीसचा घट्टपणा सांगणारी श्रेणी) २ क्रमांकाचं, गिअरच्या दातांनी बाजूला ढकललं की तिथेच थांबतं. गिअर त्यात आपल्यापुरती वाट कोरून घेतो आणि मग कोरडा फिरतो. बाहेरून बघणाऱ्याला ग्रीस भरलेलं दिसतं! काही टिलरच्या चेनच्या पेटीत ग्रीसच सांगितलेलं असतं, पण ते ० किंवा ०० क्रमांकाचं, जवळजवळ ओतता येईल इतकं पातळ. एनएलजीआयची श्रेणी ००० पासून ६ पर्यंत जाते, त्यामुळे डब्यावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

तेलाचंही तसंच. माहितीपुस्तिका मिळाली तर तिच्यात लिहिलंय तेच वापरा. ती नसेल आणि आत गनमेटलचं चाक असेल, तर जास्त दाबासाठीची गंधकयुक्त रसायनं असलेलं कडक तेल, विशेषतः जीएल-५ या गिअर ऑइलच्या वर्गातलं, डोळे झाकून ओतू नका. गरम झाल्यावर त्यातली काही रसायनं तांबं असलेल्या मिश्रधातूंना खातात. पिवळ्या धातूला चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं तेल घ्या.

भरताना टिलर सपाट जागेवर हवा. पातळीच्या छिद्रातून तेल ओघळायला लागलं की थांबा. वरपर्यंत गच्च भरलेलं तेल फेसाळतं, तापतं आणि पुन्हा सीलमधूनच वाट काढतं.

ग्रीस गन चालवली की वंगण झालं असं समजणं

निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, न पुसता गन लावली की त्याच्या तोंडावरची वाळू ग्रीससोबत आत जाते. निपल ग्रीस घेत नसेल तर जोर वाढवू नका. काढा, साफ करा, नाहीतर बदला. साध्या बुशमधून स्वच्छ ग्रीस कडेने डोकावेपर्यंत भरायचं असतं. पण सीलबंद बेअरिंगला निपल असेल तर एखाद-दोन दाब पुरे, कारण जास्त दाबाने त्याचं सील उचकटतं. जुनं ग्रीस कुठलं होतं माहीत नसेल तर आधी ते काढून टाका. लिथियम साबणाच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचं ग्रीस मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं.

पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्यातल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्याला, चार बेअरिंग कप असतात. ग्रीस चारही बाजूंनी बाहेर आलं तरच ते पोचलं असं माना. एकमेकांत सरकणाऱ्या नळ्या मात्र जवळपास प्रत्येकाकडून राहतात. त्या कोरड्या पडल्या की टिलर उचलताना शाफ्ट आखडतो आणि सगळा रेटा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. त्या पुसून ग्रीस लावा आणि प्लास्टिकचं संरक्षक आवरण परत चढवा. आवरणाशिवाय फिरणारा शाफ्ट कपडा पकडतो, तेव्हा हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

जाम सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही. तो बेअरिंगमध्ये मारला तर आतलं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघतं.

जाम बोल्टवर हातोडा, तुटलेल्या पिनेच्या जागी कडक बोल्ट

गंजलेला बोल्ट आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडा. गंजाचा थर फुटला की तो सुटायला लागतो. भेदक तेल रात्रभर मुरू द्या. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आटे फुलतात आणि आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात.

शिअर पिन ही मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, दगड लागला की तिनेच तुटावं म्हणून. जुन्या टिलरमध्ये तिच्या जागी बऱ्याचदा डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) लिहिलेला कडक बोल्ट सापडतो. आधीच्या मालकाने वैतागून घातलेला असतो तो. काढून टाका.

बाकीच्या, पण महागात पडणाऱ्या

पाती उलटी बसवणं: फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी विकसित केलं आणि १९२० साली त्याचं पेटंट घेतलं. एल आकाराची वळलेली पाती तेव्हापासून आजतागायत चालतात, आणि डावी-उजवी वेगळी असतात हेही तेव्हापासून लोक विसरत आलेत. धारेची बाजू मातीत आधी शिरली पाहिजे. उलटं पातं खणत नाही, टिलरला उडवतं.

कव्हर उघडलं तर पॅकिंगची जाडी मोजा आणि पातळ शिम, म्हणजे फट भरायच्या चकत्या, कुठल्या बाजूचे होते ते लिहून ठेवा. शिम अदलाबदल झाले की बेअरिंग एक तर आवळतात नाहीतर खुळखुळतात. पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर लावला तर आत आलेला जास्तीचा भाग तुटून तेलाच्या वाटेत अडकतो.

गंज काढायला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि वीज वापरत असाल तर विजेच्या तारेला स्टेनलेस स्टीलची पट्टी लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियमचा भागही त्यात बुडवायचा नाही. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. रंग देताना निपल, ब्रीदर, नंबरची पट्टी आणि सील घासतं ती जागा टेपने झाका. घसरणाऱ्या बेल्टवर तेल किंवा चिकट फवारे नकोत; पुली एका रेषेत आहेत का बघा, आणि बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल तर नवा आणा.

सगळं जोडल्यावर पाती जमिनीला न लावता दहा मिनिटं चालवा आणि बंद करून, वायर काढून गिअरबॉक्सला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग आवळलंय, तेल जास्त झालंय किंवा अजिबात नाही. एकसुरी घुरघुर बहुधा बेअरिंगची असते, ठरावीक फेऱ्यांनी येणारा टकटक आवाज तुटलेल्या दाताचा किंवा सैल पात्याचा. पात्यांचे बोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळा. पाच-सहा तासांचं काम झालं की तेल गरम असतानाच काढा, पुन्हा उन्हात धरून बघा आणि नवं भरा.