पॉपकॉर्न मशीनमध्ये कॉफी एकसारखी भाजताना
गरम हवेच्या पॉपकॉर्न मशीनमध्ये हिरव्या कॉफीबिया भाजल्या की काही काळ्या व्हायच्या, काही पिवळटच राहायच्या. सुरुवातीला बिया ओलाव्याने जड असतात. हवा त्यांना नीट उचलत नाही आणि तळच्या करपतात. मी घाणा लहान केला आणि बिया पिवळ्या होईपर्यंत लाकडी चमच्याच्या दांड्याने ढवळत राहिलो. ओलावा गेला की त्या आपसूक गरगर फिरतात, सालपटं उडू लागतात. (हवा बाजूच्या फटींतून येणारंच मशीन घ्या, तळाच्या जाळीवर सालपटं पेटू शकतात.) २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पहिली तडतड (बिया तडकल्याचा आवाज) होते. ती ओसरली की लगेच धातूच्या चाळणीत ओतून पंख्याखाली हलवायच्या, नाहीतर आतल्या उष्णतेने भाजणं चालूच राहतं. रंग आता एकसारखा येतो, आणि वास तर काय सांगू! दळायला मात्र एक दिवस थांबतो.