वाचनालयाची इमारत: नकाशाआधी जागेचा हिशेब कसा करावा

गावच्या वाचनालयाला जागा मिळाली, निधी जमला, की कार्यकारिणीत पहिला प्रश्न येतो, 'हॉल केवढा ठेवायचा?' तो थोडा मागे ठेवा. आधी माणसं मोजा.

१. आठवडाभर नोंद ठेवा. सध्याच्या जागेत दर तासाला कोण किती हजर आहे ते वहीत लिहा. वर्तमानपत्र वाचणारे ज्येष्ठ, पुस्तकं बदलायला येणारे, मुलं, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी असे रकाने पाडा. जागा नाही म्हणून परत गेलेल्यांचा रकाना विसरू नका, खरी गरज त्यातच दिसते.

२. वेळा ताडून पाहा. ज्येष्ठ सकाळी आणि मुलं संध्याकाळी येत असतील, तर दोघांना एकच खोली पुरते. अभ्यासिकेचं मात्र तसं नाही. तिथे दिवसभर शांतता हवी, आणि रात्री बाकीचं वाचनालय बंद करूनही ती चालवता यावी. म्हणून तिचं दार आणि स्वच्छतागृह वेगळं धरा. मुली उशिरापर्यंत बसणार असतील तर हे दार उजेडाच्या, रस्त्याच्या बाजूलाच हवं.

३. आता चौरस फूट. टेबल-खुर्ची आणि ये-जा धरून एका वाचकाला सुमारे २५ चौरस फूट. ४० विद्यार्थ्यांना १,०००. पुस्तकांचा हिशेब २० वर्षांचा करा. आज ४,००० पुस्तकं आणि वर्षाला ३०० ची भर, म्हणजे तेव्हा १०,०००. तीन फुटी फळीवर साधारण ३० पुस्तकं, सहा फळ्यांच्या दुहेरी रॅकवर ३६०. असे २८ रॅक लागतील, मधल्या वाटांसह सुमारे ५०० चौरस फूट. रॅक तळमजल्यावरच ठेवा. भारतीय मानकांत घराच्या खोलीला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, ग्रंथसंग्रहाच्या खोलीला किमान ६००.

सामायिक खोलीला ४००, देवघेव आणि ग्रंथपालांना १५० धरले तर बेरीज २,०५०. भिंती, जिना, स्वच्छतागृहं यांसाठी आणखी एक तृतीयांश वाढवा: अंदाजे २,७५०.

४. बसत नसेल तर आधी सभागृहाचा हट्ट सोडा. वर्षातल्या चार व्याख्यानांना सामायिक खोलीतली टेबलं हलवून भागतं. अभ्यासिकेची एकही खुर्ची कमी करू नका.

हा तक्ता वास्तुविशारदाला द्या. देवघेवीच्या टेबलावरून रॅक आणि मुख्य दार दोन्ही दिसायला हवेत, व्हीलचेअरसाठी दारं ९० सेंटीमीटर मोकळी हवीत, हेही त्यातच लिहा.